चार वर्षं 'एक्स्ट्रीम्स'सोबत : पन्नास वर्षांचा वारा काढणारं फुकटचं पॅकेज

हा रिव्ह्यू तीन वर्षांपूर्वीच लिहायला घेतला होता. पुरा झाला नाही ते बरंच, कारण त्या वेळी मी 'एक्स्ट्रीम्स' हे संख्याशास्त्राचं संगणकी पॅकेज चुकीचं वापरत होते. वाऱ्याच्या वेगाचे आकडे मोठे येत होते, आणि आमच्या धंद्यात मोठ्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही.

मी मनोरे डिझाइन करते. बहुतेक मोबाइलचे, काही वीजवाहिन्यांचे, मध्येच एखादं उंच धुराडं. अशा सडपातळ बांधकामांना स्वतःच्या वजनापेक्षा वारा जास्त छळतो. नेहमीचा रस्ता सोपा: बांधकामाच्या मानकातला नकाशा उघडायचा, त्यावरचा वेग उचलायचा, पुढच्या गणिताला लागायचं. पण जागा डोंगरमाथ्यावर किंवा खिंडीच्या तोंडाशी असली की नकाशा हात वर करतो. मग कोणीतरी जवळच्या वायुवेगमापकाच्या नोंदींची फाइल पाठवतं आणि विचारतं, "पन्नास वर्षांचा वारा किती?" फाइल असते पंचवीस वर्षांची. कधी प्रश्न पाचशे वर्षांचा असतो, फाइल तीच.

'पन्नास वर्षांचा वारा' म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा हजेरी लावून जाणारा पाहुणा नव्हे. कुठल्याही एका वर्षात जो वेग ओलांडला जाण्याची शक्यता दोन टक्के असते, तो हा वेग. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याला तो कधीतरी गाठण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के निघते. बैठकीत हे सांगितलं की जरा वेळ कोणी बोलत नाही.

या पॅकेजकडे वळण्याआधी मी एक सशुल्क सेवा वापरून पाहिली होती. नाव घेत नाही. अक्षांश-रेखांश भरायचे, पैसे भरायचे, तीन पानांचा रंगीत अहवाल येतो. त्यात एकच आकडा, दशांशचिन्हापुढे दोन घरं. किती वर्षांच्या नोंदी, किती सेकंदांची सरासरी, कुठलं वितरण (म्हणजे कुठल्या वेगाची शक्यता किती, हे सांगणारं सूत्र), अंदाजात चूक किती असू शकते, यातलं काही नाही. पत्र लिहून विचारलं तर उत्तर आलं की पद्धत गोपनीय आहे. पद्धत गोपनीय असेल तर तिच्यावर सही मी कशी करू? मनोरा पडला तर चौकशीला मला बोलावणार.

'एक्स्ट्रीम्स' हे 'आर' या संख्याशास्त्राच्या मोफत भाषेतलं पॅकेज आहे. एरिक गिलेलँड यांनी लिहिलेलं. त्यांनी आणि रिचर्ड कॅट्झ यांनी २०१६ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवर सविस्तर लेखही प्रसिद्ध केला. फुकट आहे, आणि आतलं प्रत्येक सूत्र उघडून वाचता येतं. त्या तीन रंगीत पानांनंतर मला या दुसऱ्या गोष्टीचंच अप्रूप जास्त वाटलं.

गाभा एकाच फंक्शनमध्ये आहे, त्याला मी 'फेव्हडी' म्हणते. त्याला वर्षावर्षाचे सर्वांत मोठे वेग द्या, ते त्यावर वितरण बसवून देतं. यामागचं गणित जुनं आहे. कमालमूल्यांची वितरणं शेवटी तीनच जातींत मोडतात हे फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये मांडलं, १९५५ मध्ये जेंकिन्सन यांनी त्या तिन्ही एका सूत्रात बांधल्या. त्या सूत्रात तीन संख्या असतात: वितरण कुठे बसलंय, किती पसरलंय, आणि त्याची शेपटी कशी आहे. पहिल्या दोन गरीब स्वभावाच्या आहेत. तिसरी, शेप, हीच सगळ्या भांडणाचं मूळ.

गोल आकडे घेऊन दाखवते. समजा पंचवीस वर्षांच्या वार्षिक कमाल वेगांची सरासरी २८ मी./से. आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ४ मी./से. आहे. शेप शून्य धरला, म्हणजे गंबेल वितरण घेतलं, तर पन्नास वर्षांचा वेग ३८.४ येतो. बाकीच्या दोन संख्या तशाच ठेवून शेप उणे ०.१ केला तर ३६.३, अधिक ०.१ केला तर ४१.१. इथवर ठीक, कसंतरी निभावून नेता येतं. आता पाचशे वर्षांचा विचारा: ४०.६, ४५.६ आणि ५३.१. पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून शेप उणे ०.१ आहे की अधिक ०.१, हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, आणि वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४०.६ आणि ५३.१ यांच्या जोरात पावणेदोन पटीपेक्षा थोडाच कमी, १.७ पटीचा फरक आहे. पोलाद तेवढ्याच पटीत वर-खाली होत नाही, पण पाया नक्की बदलतो.

उणे शेप असला की वितरणाला छत येतं. वरच्या उदाहरणात ते ५७.४ मी./से. आहे; त्यापलीकडे वारा जाऊच शकत नाही असं सूत्र म्हणतं. वाऱ्याला भौतिक मर्यादा असणारच, म्हणून हे पटतं. सिमियू आणि हेकर्ट यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासून याच बाजूने कौल दिला होता. उलट बाजूचे म्हणतात, छत असेलही, पण ते तुमच्या पंचवीस आकड्यांनी ठरवू नका, गंबेलवर थांबा. मी या दुसऱ्या गटात आहे. पॅकेजचं कौतुक असं की ते कुठल्याच गटात नाही. दोन्ही बसवून दाखवतं, दोघांतल्या फरकाला आधार आहे का याची चाचणीही करून देतं, आणि निर्णय तुमच्यावर सोडतं.

इथे एक खड्डा आहे, पडण्याआधी सांगते. या पॅकेजमध्ये अधिक शेप म्हणजे लांब, जड शेपटी. हॉस्किंग यांच्या 'एलमॉम' पॅकेजमध्ये आणि बऱ्याच जुन्या लेखांत चिन्ह नेमकं उलट असतं. एकीकडचा शेप उचलून दुसरीकडच्या सूत्रात टाकला तर काही मोडत नाही, इशारा येत नाही, फक्त छत असलेला वारा बिनछताचा होतो.

आता पट्ट्याकडे, म्हणजे खरं उत्तर कुठून कुठवर असू शकतं त्या मर्यादांकडे येते, कारण माझ्या मते विकत घेण्यासारखी गोष्ट हीच आहे आणि ती फुकट मिळतेय. वरच्या ३८.४ ला गंबेलच्या साध्या सूत्राने प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण किती चुकू शकतो तो आकडा) काढली तर ती २.७ मी./से. येते. म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण ३३ ते ४४. दशांशाच्या दोन घरांचा तो अहवाल आठवला की हसू येतं. 'एक्स्ट्रीम्स' हा पट्टा तीन तऱ्हांनी देतं: नेहमीचा दोन्हीकडे सारखा, पुनर्नमुन्यांनी, म्हणजे त्याच नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने उचलून काढलेला, आणि प्रोफाइल लाइकलीहुडचा, म्हणजे प्रत्येक संभाव्य उत्तर नोंदींशी किती जुळतं याचा वक्र काढून ठरवलेला. तिसरा वापरा. वाऱ्याच्या बाबतीत अज्ञान दोन्हीकडे सारखं नसतं. खालून आपल्याला नोंदी धरून ठेवतात, वरती मोकळं रान असतं. प्रोफाइलचा पट्टा वरच्या बाजूला जास्त फुगतो आणि ते चित्र पाहिलं की ग्राहकालाही गोष्ट कळते. मात्र त्यासाठी शोधायची हद्द बहुधा आपणच द्यावी लागते, पहिल्या फटक्यात ९५ टक्क्यांची रेघ त्या वक्राला छेदतच नाही, तीन-चारदा हद्द बदलून पाहावी लागते. हे काम पॅकेजने स्वतःच करायला हवं होतं. आणखी एक बारीक कुरबूर: रिटर्न पिरियड, म्हणजे किती वर्षांचा वारा हवा ते, सांगितला नाही तर उत्तर २, २० आणि १०० वर्षांचं येतं. अर्धं जग पन्नास विचारतं, ते यादीत नाही.

वर्षाला एकच आकडा घ्यायचा आणि बाकीची वादळं फेकून द्यायची, हे पंचवीस वर्षांच्या फाइलबाबत फार उधळपट्टीचं आहे. एखाद्या वर्षी तीन मोठी वादळं येतात, त्यातली दोन वाया. पुढच्या वर्षीचा कमाल वेग म्हणजे जेमतेम वाऱ्याची झुळूक, तो मात्र मानाने आत बसतो. म्हणून दुसरी पद्धत: एक उंबरठा ठरवायचा आणि त्यावरून आत आलेलं प्रत्येक वादळ मोजायचं. याचा पाया बाल्केमा आणि डी हान यांनी १९७४ मध्ये व पिकँड्स यांनी १९७५ मध्ये घातला.

उंबरठा किती उंच ठेवायचा, यासाठी पॅकेज दोन आलेख काढून देतं. खाली ठेवला तर रोजचा वारा घरात शिरतो आणि शेपटीचं गणित बिघडतं. फार वर ठेवला तर आत कोणीच येत नाही. आलेखांत रेघ कुठून सरळ किंवा स्थिर होते ते डोळ्याने पाहायचं. हे वाचणं म्हणजे पत्रिका वाचण्यासारखं आहे असं मला पहिलं वर्षभर वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. मी आता एक उंबरठा निवडत बसत नाही, चार-पाच उंबरठ्यांवर उत्तर काढते आणि ते फारसं हलत नसेल तर पुढे जाते. हलत असेल तर फाइलमध्ये काहीतरी शिजतंय.

माझी फजिती इथलीच. एकाच वादळाचे सहा तास सहा वेगळी वादळं म्हणून मोजले जाऊ नयेत, म्हणून मी आधी स्प्रेडशीटमध्ये दोन शिखरांमध्ये किमान ४८ तास सोडून वादळं वेगळी केली. पंचवीस वर्षांत १७५ शिखरं, वर्षाला सात. नुसती ती १७५ शिखरं 'फेव्हडी'ला दिली. त्याला वेगळं सांगितलं नाही तर ते प्रत्येक आकडा एका दिवसाचा धरतं. त्याच्या दृष्टीने माझी फाइल १७५ दिवसांची होती आणि रोज वादळ येत होतं. मी पन्नास वर्षांचा वारा मागत होते आणि ते मला जवळजवळ दोन हजार सहाशे वर्षांचा काढून देत होतं. डोंगरमाथ्याची जागा होती, त्यामुळे मोठा आकडा पाहून सगळे म्हणाले, असणारच. दोन मनोरे त्या वेगावर उभे राहिले. ते अर्थातच ठणठणीत आहेत, अंगावर गरजेपेक्षा जास्त पोलाद घेऊन.

चूक सापडली ती माझ्या मैत्रिणीमुळे. ती संख्याशास्त्र शिकवते. तिने माझ्या स्क्रीनकडे मिनिटभर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझ्याकडे वर्षाला तीनशे पासष्ट वादळं येतात का?"

उपाय एका शब्दाचा आहे. 'स्पॅन' नावाच्या रकान्यात नोंदींची वर्षं भरायची, किंवा वादळं वेगळी करायचं काम पॅकेजच्याच 'डीक्लस्टर' फंक्शनकडून करून घ्यायचं. ते मालिका कापत नाही, शिखर सोडून बाकीच्या आकड्यांच्या जागी उंबरठ्याचा आकडा ठेवतं, त्यामुळे लांबी टिकते. पण त्यातही सावध राहा: दोन वादळांमधली विश्रांती ते मुळात एका नोंदीची धरतं. तासातासाच्या नोंदी असतील तर वारा एक तास दमला की नवं वादळ. तिथे ४८ आपणच लिहायचं.

उलटी चूकही मी केली आहे, ती पाच मिनिटं टिकली. तासातासाच्या नोंदी दिल्या आणि त्या तासाच्या आहेत हे सांगायला विसरले. तेव्हा पन्नास वर्षांच्या नावाखाली दोन वर्षांचा वारा आला, आणि तो त्याच फाइलमध्ये बारा वेळा ओलांडलेला होता. ही चूक जास्त धोक्याची, पण स्वतःहून ओरडते. मोठ्या आकड्याची चूक गप्प बसते. पॅकेजने दोन्ही वेळी मला अडवलं नाही. 'तुमच्या मते वर्षाला इतकी वादळं येतात' एवढी एक ओळ उत्तराच्या वर छापली असती तरी काम झालं असतं. एक तारा मी यासाठी कापते, पाचपैकी चार.

पॅकेजला वायुवेगमापक ठाऊक नाही, हे त्याचं वैगुण्य नव्हे, पण नवख्याला ते कळायला वेळ लागतो. ते फक्त आकडे पाहतं. ते आकडे तीन सेकंदांच्या झोताचे आहेत, दहा मिनिटांच्या सरासरीचे की तासाच्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बांधकामाच्या मानकांपैकी युरोपच्या युरोकोडला दहा मिनिटांची सरासरी लागते, अमेरिकेच्या एएससीई ७ला आणि भारताच्या आयएस ८७५ला तीन सेकंदांचा झोत. मोकळ्या मैदानात दहा मीटर उंचीवर तासाच्या सरासरीपेक्षा तीन सेकंदांचा झोत सुमारे दीडपट असतो, म्हणजे जोर सव्वादोन पट. ही गफलत झाली तर बाकीचं सगळं सूक्ष्म संख्याशास्त्र शोभेचं.

म्हणून फाइल आली की मी आधी तिच्याशी गप्पा मारते. वेगांमध्ये ०.५१, १.०३, १.५४ अशा पायऱ्या दिसल्या की मूळ नोंद नॉटमध्ये झालेली आहे, मी./से. नंतरचं सोंग. अशा पायऱ्यांमुळे एकसारखे आकडे पुन्हापुन्हा येतात आणि उंबरठ्याचे आलेख करवतीसारखे दातेरी होतात. त्यात दोष वितरणाचा नसतो. एखाद्या वर्षापासून सगळे वेग एका टप्प्याने खाली आले की यंत्र बदललं, जागा बदलली, किंवा शेजारी झाडं वाढली. ९९.९ असा वेग दिसला तर ती बहुधा नोंद नसल्याची खूण असते. एकदा हा आकडा मी तसाच आत जाऊ दिला होता. शेप इतका फुगला की पाचशे वर्षांचा वारा ध्वनीच्या वेगाकडे निघाला.

पण अवाच्या सव्वा दिसणारा प्रत्येक आकडा खोटाही नसतो. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ११३ मी./से.चा झोत नोंदला गेला. जागतिक हवामान संघटनेने तो खरा मानला २०१० मध्ये, यंत्र आणि आजूबाजूच्या नोंदी तपासून. तोवर विक्रम होता माउंट वॉशिंग्टनचा, १२ एप्रिल १९३४ चा, १०३ मी./से. माझ्या चाळणीने ११३ चा आकडा पहिल्या मिनिटात फेकून दिला असता.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे जी नोंद नाहीच ती. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे डार्विनवर ट्रेसी चक्रीवादळ आलं, विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि त्यानंतर ते बंद पडलं. पुढे वारा किती चढला ते त्या यंत्राकडून कळण्याची सोय उरली नाही. फाइलमध्ये मात्र त्या वर्षाचा कमाल वेग म्हणून २१७ शहाण्यासारखा बसून राहतो. नोंदींमधली भोकं योगायोगाने पडत नाहीत. वीज जाते ती वादळातच, खांब वाकतो तो वादळातच. माझ्या फाइलींमध्ये मी प्रत्येक मोठ्या भोकाच्या आधीचे सहा तास पाहते. वारा चढत असताना नोंद तुटली असेल तर ते वर्ष मी पूर्ण मानत नाही. 'एक्स्ट्रीम्स' रिकाम्या जागा गाळायला सांगितलं तर निमूट गाळतं. त्या रिकाम्या का आहेत, हे विचारणं त्याच्या कामात बसत नाही.

आमचे एक वरिष्ठ सर आहेत, त्यांना हे पॅकेज-बिकेज मान्य नाही. ते अजून गंबेलचा आलेखकागद वापरतात; गंबेल वितरणाचे ठिपके त्यावर सरळ रेघेत येतात. वार्षिक कमाल वेग चढत्या क्रमाने लावायचे, ग्रिंगॉर्टन यांच्या १९६३ च्या सूत्राने प्रत्येकाची जागा काढायची, ठिपके मांडायचे आणि पट्टी ठेवून रेघ मारायची. मी मनात हसायचे. एका फाइलवर पॅकेजने मला अधिक शेप दिला, लांब शेपटी, फुगलेला पट्टा. मी तो निमूट स्वीकारला. सरांनी त्याच आकड्यांचे ठिपके मांडले, पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, "हे बघ, ही एक रेघ नाहीच. या दोन आहेत."

खालचे ठिपके एका उतारावर, वरचे सहा-सात दुसऱ्याच, जास्त चढावर. तारखा काढल्या. खालचे सगळे दिवसेंदिवस वाहणाऱ्या मोसमी वाऱ्यांचे, वरचे सगळे गडगडाटी वादळांचे, वीस मिनिटांत येऊन गेलेले. दोन वेगळ्या जातींची झाडं एका रांगेत धरून सरासरी उंची काढावी तसं मी केलं होतं. गोम्स आणि व्हिकरी यांनी सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या वाऱ्यांसाठी हेच सांगितलं: जाती वेगळ्या करा, प्रत्येकीचं वितरण वेगळं बसवा, मग शक्यता एकत्र करा. ही जोडणीही गमतीची आहे. ३८ मी./से. हा वेग मोसमी वाऱ्यांसाठी पन्नास वर्षांचा आणि गडगडाटी वादळांसाठीही पन्नास वर्षांचाच असेल, तर दोन्ही मिळून तो पंचवीस वर्षांचा होतो.

'एक्स्ट्रीम्स'मध्ये यासाठी तयार काही नाही. जाती आपण वेगळ्या करायच्या, दोनदा 'फेव्हडी' चालवायचं, वेग न ओलांडला जाण्याच्या दोन शक्यतांचा गुणाकार हाताने करायचा. तसाच वेगाच्या वर्गाचा मुद्दा. कुक यांनी १९८२ मध्ये सुचवलं होतं की वेगाऐवजी त्याचा वर्ग, म्हणजे वाऱ्याचा दाब, गंबेलवर बसवावा. तो रेघेला लवकर जुळतो आणि आपल्याला शेवटी दाबच हवा असतो. हेही आकड्यांचा वर्ग करून आपणच आत टाकायचं आणि उत्तराचं वर्गमूळ काढायचं. अवघड नाही. पण हे पॅकेज हवामानशास्त्राच्या अंगणात वाढलं, त्याच्या सरावाच्या फाइली पावसाच्या आणि तापमानाच्या, हे जागोजागी जाणवतं. वितरण बसवायचा 'जीएमएलई' नावाचा पर्यायही तसाच, त्यातली शेपविषयीची मूळ गृहीतकं पूर-पावसाच्या अभ्यासातून आलेली. वाऱ्याला ती आहेत तशी लावू नका. छोट्या फाइलला मी 'एलमोमेंट्स'चा (क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या सरासऱ्यांवरून वितरण बसवण्याचा) पर्याय वापरते; तो वीस-पंचवीस आकड्यांवरही फार उड्या मारत नाही, फक्त त्याचा पट्टा पुनर्नमुन्यांनीच काढावा लागतो.

चक्रीवादळांच्या किनाऱ्यावर मात्र यातलं काहीच पुरत नाही. एका ठिकाणावरून मोठं वादळ पिढीत एखादंच थेट जातं. तिथे संगणकात हजारो वर्षांची कृत्रिम वादळं सोडून वेग काढतात, तो वेगळा विषय आणि वेगळी हत्यारं. आणि कोणी म्हणालं की यंत्राच्या नोंदी कशाला, ईआरए५ (जगभरच्या जुन्या हवामानाचा संगणकाने पुन्हा मांडलेला संच) उतरवून घे, १९४० पासूनचं सगळं तासातासाचं आहे, तर घ्या जरूर, पण त्याची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची. गडगडाटी वादळ त्या चौकोनात विरघळून जातं. मी ते यंत्राच्या नोंदींतली भोकं ओळखायला वापरते, उत्तर काढायला नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. 'इस्मेव्ह' हे स्टुअर्ट कोल्स यांच्या २००१ च्या पुस्तकासोबतचं पॅकेज, साधं आणि शिकायला छान. त्यात ऑल्बनी आणि हार्टफर्ड इथल्या १९४४ ते १९८३ च्या वार्षिक कमाल वेगांची फाइलही आहे. हात बसवायला तीच घ्या, चाळीस आकड्यांत सगळे खेळ खेळता येतात. पायथनवाल्यांसाठी 'पायएक्स्ट्रीम्स' आहे, आलेख देखणे. पण रोजच्या कामाला मी परत 'एक्स्ट्रीम्स'कडेच येते, कारण एका ओळीत पद्धत बदलून तीच फाइल पाच वाटांनी तपासता येते, आणि पाचही उत्तरं एका पानावर ठेवता येतात.

हे पान मी आता अहवालात तसंच जोडते. पहिल्यांदा जोडलं तेव्हा ग्राहकाचा फोन आला: "मॅडम, यातला कुठला आकडा खरा?" मी म्हटलं, खरा कुठलाच नाही, पण डिझाइन ३९ वर केलंय आणि ४४ आला तर काय होईल ते पुढच्या पानावर आहे. तो म्हणाला, आधीच्या अहवालात असं काही नव्हतं. म्हटलं, नव्हतंच.

माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ मात्र पॅकेजची नाही. ती फक्त फाइलमधले सर्वांत मोठे दहा वेग तारीख-वेळेसकट छापते. परवा आलेल्या फाइलमध्ये त्या दहांपैकी तीन सकाळी अकराच्या ठोक्याचे निघाले. तीन वेगळी वर्षं, तीनही वेळा महिन्याचा पहिला सोमवार, आणि तिन्ही वेळी वातकुक्कुटाची दिशा जागची हललेली नाही. यंत्राची वाटी हाताने गरगर फिरवून बघणारा देखभालीचा माणूस कामाला पक्का दिसतो.